सहा दिवसांचं पाणी

चैत्र लागला की आमच्याकडं सकाळपासूनच वाऱ्याला भाजल्या मातीचा वास येतो. ज्वारीची खळी उलगडलेली असतात, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, चिंचा झोडपून बायका आंगणात चिंचोके फोडत बसलेल्या असतात. माणसाला काम कमी आणि तहान जास्त असा हा महिना. मला तो कधीच आवडला नाही. एके काळी आवडायचा. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

परवा गावातली चार पोरं घरी आली. पोरं म्हणजे त्यातला एक उपसरपंच आहे, कारेगावला कंपनीत कामाला जातो, पण माझ्यापुढं पोरच. शाळेमागं पाण्याची नवी टाकी उभी राहिलीय. तिला पांढरा रंग दिलाय, निळ्या अक्षरांत योजनेचं नाव लिहिलंय. त्या टाकीचं उद्घाटन. मोठे पुढारी येणार.

"आबा, गावात सगळ्यात वडील तुम्ही," उपसरपंच म्हणाला. "सायबांना नळाचा पैला पेला तुमच्या हातनं द्यायचा. फोटो निघंल."

"टाकीत पानी आलं का?"

पोरं एकमेकांकडं बघून हसली. "लाईन जोडायची ऱ्हायलीय, आबा. तवर टँकर मागवलाय. पहाटं टाकी भरून घेऊ. नळाला पानी आल्याशी मतलब."

बोलायला तोंड उघडलं आणि जिभेवर रॉकेलचा वास आला. खोटं सांगत नाही. इतक्या वर्षांनी आला. म्हणून नातीकडून वही मागून घेतली आणि लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलो, ऱ्हस्व-दीर्घाचं मला विचारू नका. पण जे झालं ते मला पाठ आहे.

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, नदीपासून दोन कोसांवर. गावात तेव्हा दोन विहिरी पाण्याच्या. एक गावची, आणि एक आमच्या मळ्यातली, माझ्या आज्यानं खणलेली. सात परस खोल, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, खाली काळ्या खडकातून झरा. भर वैशाखात तिचं पाणी ओंजळीत धरलं तर दात शिवशिवायचे. या दोन्ही विहिरींवर गावच्या खालच्या वस्तीतल्या माणसांना पाणी भरू देत नसत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. मी सोवळं बोलून ते झाकत नाही. त्यांच्या बाया नदीवर जात. ऊन चढायच्या आत एक खेप, उतरल्यावर एक.

त्या वस्तीत शांतवन मास्तर राहायचे. बाप शिरूरच्या मिशनात शिकून ख्रिस्ती झालेला, पोरगा मास्तर झालेला. आमच्याच शाळेवर शिकवायचे. पांढरं धोतर, काळी टोपी, खिशाला शाईचा डाग. गावातली माणसं त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायची आणि ओट्याखाली उभं राहून लिहा म्हणायची. त्यांची बायको राहेलबाई. उंच, सावळी, डोक्यावर दोन घागरी घेऊन चालताना हात मोकळे सोडायची. आमची सरू, म्हणजे माझी बायको, एकदा मला म्हणाली होती, "त्या बाईच्या घागरीतनं थेंब सांडत न्हाई. माझ्या कळशीतनं आंगनापतूर निम्मं जातं." मी म्हणालो, तिला दोन कोस आणायचं असतं, तुला पन्नास पावलं. तेव्हा ते मी नुसतं बोलून गेलो होतो.

आणि मग सरकारनं विहीर मंजूर केली. सगळ्यांसाठी. जात न बघता कुणीही पाणी भरायचं, असं कागदावर होतं. जागा वस्तीच्या आणि गावाच्या मधली. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पहिली कुदळ पडली तेव्हा मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली होती.

विहीर कशी खणतात ते मला कळतं. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. मुरूम कुदळीनं निघतो, खडकाला सुरुंग लागतो. आमच्या लोकांना कागद वाचता येत नसत, पण आम्ही कानानं विहीर मोजायचो. दुपारी सुरुंग उडाला की वावरातली माणसं औत थांबवायची. पाच सुरुंग म्हणजे एवढा खडक फुटला, दहा म्हणजे एवढा. तसा आम्ही या विहिरीच्या सुरुंगांना कान लावून बसलो. पहिल्या दिवशी दोन उडाले. दुसऱ्या दिवशी एक. मग नाहीच. आठ दिवस गेले, पंधरा गेले. आणि एका सकाळी बघतो तर वर कठड्याचं काम सुरू!

कठडा मात्र देखणा होता हो. घडीव दगड, वर सिमेंटचा गिलावा, गावात सिमेंट पहिल्यांदाच बघितलं आम्ही. लोखंडी रहाट. संगमरवराची पाटी. आणि आत वाकून बघितलं की तळाला कोरडा खडक. तीन परसही खोल नव्हती. खडक लागला तिथं ठेकेदारानं हात टेकले आणि बाकीचं काम कागदावर केलं. ओव्हरसियर साहेब येऊन सही करून गेले.

गाव पेटलं. आमच्या चावडीपुढं मी तेवढी माणसं कधी बघितली नव्हती, आणि गाव-वस्ती एका जागी उभी राहिलेली तर कधीच नाही. म्हातारा रामभाऊ तेली काठी आपटून म्हणाला, "आमी सारा भरतो तवा सरकार म्हनतं का, की निम्मं कागदावर भरा?" माणसं हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. मास्तरांनी अर्ज लिहिला. एवढ्या खोलीची विहीर मंजूर, एवढीच खणली, बाकीचं कुठं गेलं याची चौकशी व्हावी आणि विहीर पुरी खणून मिळावी. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. एकेका वाक्याला "बराबर, बराबर" असा आवाज उठत होता. अंगठे उठले, सह्या झाल्या. माझी सही सगळ्यात वर होती. मला सहीचा फार अभिमान होता.

त्यानंतर आठवड्यानं कळलं, मंत्री येणार. दौंडाला आगगाडीनं उतरणार, तिथून जीपनं शिरूरकडं जाता जाता वाटेत आमच्या गावची विहीर बघणार.

मास्तर घरी आले. ते ओट्याखाली थांबायचे, त्या दिवशीही थांबले. त्यांचे डोळे चमकत होते. मला म्हणाले, "बापूराव, आता अर्ज तालुक्याला पाठवायलाच नको. समक्ष हातात देऊ. ते स्वतःच्या डोळ्यांनी तळ बघतील."

ते खरं होतं. एवढं सरळ काम होतं. मंत्र्यानं यावं, वाकून बघावं, कोरडा दगड दिसावा. त्याला बोलणं लागत नव्हतं की लिहिणं.

पण दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब चावडीवर आले. खुर्चीवर टेकून बसले, पानसुपारी झाली, आणि मग हळूच म्हणाले, "पाटील, तुमच्या गावाचं नाव मोठं. पाहुणा दाराशी येणार, आणि त्याला कोरडी विहीर दाखवणार? पाणी मागितलं तर काय द्याल त्याला?" आणि पुढं म्हणाले, "आधी पाहुणा खूश होऊ द्या. मग खोलीकरणाचं मी बघतो. खूश माणसाकडून मंजुरी लवकर मिळते."

आता इथं आमची चूक समजून घ्या. त्यांनी आम्हाला धाक दाखवला असता तर आम्ही त्यांना चावडीवरून हाकललं असतं. पैसे देऊ केले असते तर मी स्वतः त्यांना हात धरून वेशीबाहेर नेलं असतं. त्यांनी आमच्या पाहुणचाराला हात घातला. आमच्या घरी पाहुणा आला आणि घरात दाणा नसला, तर बाई मागल्या दारानं शेजारणीकडं जाते, पुढल्या दारानं पाहुण्याला कळू देत नाही. अशीच आमच्याकडं सगळी पद्धत. गावाचंही तसंच. पाहुण्याला आपली उपासमार दाखवायची म्हणजे उघडं व्हायचं.

मी चावडीत उठून म्हणालो, "विहीर भरायची. नदीवरनं गाड्या लावायच्या."

ओव्हरसियर म्हणाले, "अंधार पडल्यावर भरा म्हणजे गवगवा होणार नाही."

"चोरी करतोय व्हय आम्ही?" मी म्हणालो. "दिवसाउजेडी भरनार."

तेव्हा मला वाटलं, काय बोललो! सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

एकटे मास्तर दाराजवळून बोलले. "बापूराव, कोरडी आहे तर कोरडी दिसू द्या. एकदा त्यांनी पाणी बघितलं की मग आपण काय सांगणार?"

"मास्तर, तुमी शिकलेले. पर पाव्हन्याची रीत तुमाला आमी शिकवायची का?"

माणसं हसली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "रीत आहे. पण ही विहीर तुम्ही दोन दिवस भराल, आमच्या बायकांना ती वर्षभर पाहिजे."

आणि माझ्या अंगात तो मोठेपणा चढला, जो मला पुढं जन्मभर महाग पडला. मी देवळातून शपथेसाठी भंडारा आणवला. मुठीत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "गावाची अब्रू राखून पाव्हना जाऊ द्या. ही विहीर खोल होईस्तवर तुमच्या बाया माझ्या मळ्याच्या हिरीवर पानी भरतील. कुनी आडवं आलं तर मी बघतो. हा खंडोबाचा भंडारा."

मास्तर दाराजवळून एक पाऊल पुढं आले. मग म्हणाले, "भंडारा नको, बापूराव. तुमचा शब्द पुरे." आणि अर्जाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

ते दोन दिवस मला अजून दिसतात. दौंडावरून पिंपं आली, रॉकेलची रिकामी. ओव्हरसियरनीच धाडली होती. बारा गाड्या. आम्ही बैलांची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळा घातल्या, बेंदराला घालतो तशा. पहाटे उजाडताच गाड्या नदीकडं निघाल्या. नदी त्या दिवसांत डोहाडोहांत राहायची; मधे वाळू, वाळूत टरबुजांचे वेल. आम्ही डोहातून बादल्यांनी पिंपं भरायचो, एकमेकांवर पाणी उडवायचो. येताना चाकांखाली पाण्याची ओली रेघ उमटायची आणि उन्हानं मागच्या मागं पुसून जायची. विहिरीवर बाया ओळीनं उभ्या. पिंप कठड्यावर आडवं केलं की पाणी धबाबा खाली पडायचं आणि सगळे ओरडायचे. खडकावर पडलेल्या पाण्याचा तो आवाज! म्हातारे हात जोडत होते. एखाद्याला वाटावं, गंगाच आली. माझे खांदे सोलून निघाले होते आणि मी इतका खूश होतो की काय सांगू. पाणी कमरेएवढं झालं. वर रॉकेलचा तवंग, त्यात जांभळे-हिरवे रंग फिरत होते.

राहेलबाई त्या ओळीत नव्हती. ती त्या दोन्ही दिवशी घागरी घेऊन नदीवर गेली. येताना आमच्या गाड्यांच्या बाजूनंच चालत होती. पाण्यानं भरलेल्या बारा गाड्या, आणि बाजूनं ती, डोक्यावर दोन घागरी. मी म्हणालो, "बाई, ठेवा की गाडीत." ती म्हणाली, "नगं दादा. हे आमाला प्यायचं हाय."

मंत्री आले. धूळ, जीपा, हार, ताशा. गोरेपान, हसरे, खरंच चांगले गृहस्थ वाटले. वाकून विहिरीत बघितलं. म्हणाले, "वा, पाणी काय चमकतंय!" ओव्हरसियरनी मान हलवली. मग मंत्री म्हणाले, "ज्यांच्यासाठी ही विहीर झाली, त्या समाजातल्या एखाद्या भगिनीनं पहिलं पाणी काढावं." ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. माणसांनी इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी राहेलबाईला पुढं केलं.

तिनं रहाटाचा दोर धरला. पोहरा सोडला. पोहरा लगेच पाण्याला लागला, सात परसांच्या विहिरीत लागतो तसा वेळ घेऊन नव्हे, चटकन. मला वाटलं, आता मंत्र्याला कळणार. नाही कळलं. तिनं पोहरा वर ओढला, कठड्यावर ठेवला आणि मान वर करून बघितलं. मंत्र्याकडं नाही. माझ्याकडं. ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. मागं मास्तर उभे होते, त्यांचा हात खिशावर होता, अर्जावर. मी डोळ्यांनी त्यांना खूण केली, की माझा शब्द आहे. मास्तरांनी हात खाली घेतला.

पोहऱ्यातलं पाणी पिण्यासारखं नव्हतं. म्हणून सरूनं पदराखालून तांब्या दिला, आमच्या मळ्यातल्या विहिरीचा. मंत्री घटाघटा प्याले. "गोड पाणी आहे हो," म्हणाले, आणि शाळेच्या शेरेबुकात तसं लिहून सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्याच विहिरीचं कौतुक झालं म्हणून मला तर दुप्पट आनंद.

पाणी सहा दिवस टिकलं. रोज वीतभर उतरायचं. सातव्या दिवशी तळाला चिखल, आणि चिखलात एक मेलेला बेडूक.

आठव्या दिवशी सकाळी राहेलबाई माझ्या मळ्यात आली. दोन घागरी, चुंबळ, मागं वस्तीतल्या आणखी तिघी. मी दिलेल्या शब्दावर आली होती. आणि वाटेत बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. विहिरीच्या तोंडाशी, आडव्या, कमरेएवढ्या. रात्रीतून आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भावकीतल्या लोकांना घेऊन टाकल्या होत्या. आप्पा स्वतः मोटेच्या दगडावर बसले होते. मला म्हणाले, "काडायच्या असतील तर काड. पर मग या घरात तुझं ताट वाढायचं न्हाई."

काट्या काही जड नव्हत्या. आकडीची काठी घेऊन दोन मिनिटांत ओढल्या असत्या. भंडारा मी उचलला होता. सगळ्या गावासमोर म्हणालो होतो, कुणी आडवं आलं तर मी बघतो.

मी उभा राहिलो. राहेलबाई काट्यांच्या पलीकडं उभी राहिली. उन्हं वर येत होती. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी रागावलो असतो, आणि रागाच्या भरात कदाचित काही केलं असतं. बऱ्याच वेळानं तिनं चुंबळ नीट केली आणि मागच्या बायांना म्हणाली, "चला गं. ऊन व्हतंय."

मी मान खाली घातली नाही. मला मान खाली घालायची सवय नव्हती. हे मी तेव्हा मोठेपणानं सांगत असे.

पुढं पंधरा दिवसांनी आम्ही शिरूरला कचेरीवर गेलो. पुष्कळ माणसं होती. पायी गेलो, भाकऱ्या बांधून. रागानं नुसतं फुललेलं गाव. कचेरीच्या आवारात बसलो आणि घोषणा दिल्या, विहीर दाखवा, विहीर दाखवा. मास्तर आले होते. काट्यांची गोष्ट होऊनही आले होते, तोच अर्ज घेऊन. अधिकारी बाहेर आले. शांत माणूस. अर्ज वाचला आणि म्हणाले, "मंत्रीसाहेबांनी स्वतः पाणी बघितलंय. पिऊन बघितलंय. गोड आहे असा शेरा आहे. आता मी काय त्यांना खोटं पाडू?"

"ते पानी वतल्यालं व्हतं!" रामभाऊ तेली ओरडला.

"कुणी ओतलं?" अधिकारी म्हणाले. "ज्यांनी ओतलं त्यांनी पुढं या. जबाब लिहून घेतो. त्यांनी पाणी ओतून मंत्र्यांना फसवलं, असंही त्यात येईल बरं का."

मघाशी एवढी ओरडणारी माणसं एकेक पाऊल मागं सरकली. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं, आणि वाट बघितली. मी कचेरीच्या कौलांकडं बघत होतो. कौलांवर एक कावळा बसला होता, चोच उघडी टाकून. तो कावळा मला अजून दिसतो.

मग मास्तरांनी अर्जाची घडी केली. आम्ही परत आलो. ठेकेदारानं पुढं शिरूरात माडीचं घर बांधलं, ओव्हरसियरची बढती झाली, आणि आम्ही पारावर बसून सरकारला शिव्या देत राहिलो. फार शिव्या दिल्या. आजही देतो. सरकारनं लुबाडलं ते खरंच आहे, त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. पण शिव्या देताना मला नेहमी वाटायचं, कुणीतरी मधेच म्हणेल, बापूराव, आणि काट्या? कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनीच थोड्या थोड्या टाकल्या होत्या.

मृग लागायच्या आत मास्तर गाव सोडून गेले. बदली मागून घेतली, दौंडाकडं कुठंतरी. सामान एका गाडीत मावलं. गाडी माझी नव्हती; मी देऊ केली होती, त्यांनी दुसऱ्याची केली.

आप्पा वारले त्यानंतर दोन वर्षांनी. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी काट्या काढल्या. पेटवून दिल्या. वस्तीत जाऊन सांगून आलो, या, पाणी भरा. रोज सकाळी मी मोटेच्या दगडावर जाऊन बसायचो. एक महिना बसलो. कुणी आलं नाही. वस्तीतले पुष्कळ लोक तोवर दौंडाला रेल्वेत कामाला लागले होते, राहिलेल्यांनी नदीची वाट सोडली नाही. मला राग आला. म्हणालो, मी एवढं सांगून आलो तरी येत नाहीत! हे असं मी सरूला म्हणालो. ती चुलीपुढं होती. म्हणाली, "त्या आल्या व्हत्या की एकदा."

आणखी दोन-तीन वर्षं गेली असतील. असाच चैत्र. बैल बघायला म्हणून मी दौंडाला गेलो होतो. बाजारातून स्टेशनाकडं चालत येता येता ऊन लागलं, डोळ्यांपुढं पिवळं झालं. रेल्वेच्या चाळीपुढं एका लिंबाखाली टेकलो. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली, मला बघितलं, परत आत गेली. आणि पेला घेऊन आली. पितळेचा, घासून लख्ख केलेला.

राहेलबाई. केस पिकले होते, पण उंची तीच.

"घ्या दादा. पानी घ्या."

मी पेला घेतला. माझ्या सगळ्या जन्मात मी त्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी प्यालो नव्हतो. आणि त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही. पेला तोंडाला लावला. थंडगार होतं. माठात वाळा टाकला असावा.

निम्मं प्यालो तेव्हा ती म्हणाली, "वास येत न्हाई ना, दादा? राकेलीचा?"

टोमणा मारला असता तर मला कळलं असतं. तशी ती म्हणाली नाही. थट्टेनं म्हणाली, डोळ्यांत जरा हसू होतं, जुनी ओळख सांगतात तसं. पण मी पेला खाली घेतला. मी विचारलं, "मास्तर?"

"गेले. दोन वर्सं झाली." मग आत बघून म्हणाली, "अर्ज अजून हाय पेटीत. मी म्हनायची, जाळा की तो कागद. तर म्हनायचे, असू दे, बापूराव येतील एखांद्या दिवशी."

मी आलो होतो. बैल बघायला आलो होतो.

बोलायचं पुष्कळ होतं. काट्या काढल्या, हे सांगायचं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार, तिच्या दारात नळ होता. मी पेला परत दिला. ती म्हणाली, "आनखी देऊ?" मी म्हणालो, "नको." अजून तहान होती.

या गोष्टी मी कुणाला सांगितल्या नाहीत. सरूला थोड्या माहीत होत्या, ती गेली. ती विहीर अजून तिथंच आहे. पाटीवरची अक्षरं पुसली, कठड्याचं सिमेंट मात्र तसंच धडधाकट. आत कचरा टाकतात, प्लॅस्टिकच्या पिशव्या. उन्हाळ्यात गावात टँकर येतो आणि बाया हंडे घेऊन पळतात, आता सगळ्या जातींच्या. नदीला धरणाचं पाणी असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा नसतं. मळ्यातली विहीर आटली. चारी बाजूंनी बोअर झाले, तिचा झरा तिकडं कुठं गेला.

काल पोरं परत आली. उपसरपंच म्हणाला, "आबा, सदरा धुऊन ठेवा बरं का. दहा वाजता गाडी पाठवतो."

मी म्हणालो, "पेला देतो. पर टँकरनं टाकी भरायची न्हाई. सायबासमोर नळ सोडायचा आन् जे येईल ते पेल्यात धरायचं."

"आबा, हवा येईल नुसती!"

"मग हवा पिऊ द्या त्यांना. त्यांचीच हाय."

पोरं हसली. मग हसायची थांबली. एकजण जरा चढ्या आवाजात म्हणाला, "गावाची अब्रू काडता का, आबा?"

अब्रू हा शब्द माझाच होता. त्याच्या वयाचा होतो तेव्हा मी तो चावडीत उभा राहून वापरला होता, भंडारा मुठीत धरून.

पोरं गेली. बाहेर गेल्यावर बोलताना ऐकू आलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, दुसरं कुणीतरी बघू. बघतील. पेला धरायला माणूस काय, मिळतोच.

तर उद्या ताशा वाजायला लागला की मी काठी घेऊन निघणार आहे. टाकीकडं जाणार नाही. त्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसणार आहे. पुढाऱ्यांच्या गाड्यांची वाट तिच्यावरूनच आहे. गाडी थांबेल, न थांबेल. पण एखादं माणूस थांबेल आणि विचारेल, आबा, इथं उन्हात का बसलात? तेव्हा मी सांगणार आहे. आधी काट्यांचं सांगेन. मग ओतलेल्या पाण्याचं. आणि त्यानंतर टँकरचं.